शेपटीनं पाडलेलं घर

नागू पैलवान आत शिरला आणि दोन मिनिटांत रडायला लागला.

आधी आम्हाला वाटलं, तो राक्षसाचा आवाज काढून बघतोय. यासीनभाई खूश होऊन म्हणाले, "आवाजाची गरज न्हाई पैलवान, आपला कॅमेरा मुका हाय." पण आवाज थांबेना. मग त्या हिरव्या रेक्झिनच्या सोंगाच्या गळ्यातून, मच्छरदाणीच्या जाळीआडून, स्वच्छ शब्द आले, "उघडा. आईची शपथ घालतो, उघडा."

मी धावले. पाठीवरची चेन मीच बसवली होती, त्यामुळं ती कुठं अडते हेही मलाच ठाऊक. चेन खाली आली तसा पैलवान घामानं निथळत बाहेर पडला आणि आमच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. तीन तालुक्यांत नाव असलेला गडी. दोन तांबे पाणी प्यायला, तेव्हा कुठं त्याला नीट बोलता आलं.

"आत अंधार हाय," तो म्हणाला.

"मग रात्री झोपतोस कसा?" तडवळकर सरांनी विचारलं. ते चेष्टा करत नव्हते. सर कधी चेष्टा करतच नसत.

"दिवा ठेवतो," पैलवान म्हणाला, आणि आमच्याकडं न बघता पुढं म्हणाला, "तालमीत सांगू नका."

पंच्याहत्तर सालच्या जानेवारीतला हा शुक्रवार. रविवारी सकाळी नऊला शूटिंग होतं. रीळ एकच होतं, तुडवायला गाव एकच होतं, आणि राक्षस पायरीवर बसून पाणी पीत होता.

आमचं खैरापूर सोलापूरहून एसटीनं अडीच तासांवर. त्या वर्षी नगरपालिकेला शंभर वर्षं झाली म्हणून शाळेच्या मैदानावर प्रदर्शन भरवलं होतं. तडवळकर सर शाळेत चित्रकला शिकवायचे. मलाही त्यांनीच शिकवली होती. पन्नाशीचे, एकटे राहणारे, माणसांपेक्षा भिंतींकडं जास्त बघणारे. त्यांनी प्रदर्शनासाठी आठ महिने खपून अख्खं खैरापूर बनवलं. अर्धा इंच म्हणजे एक फूट, असं माप. मांडवाखाली तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद गाव उभं राहिलं. निळ्या काचेचं तळं, मेन रोड, पेठ, मारुतीचं देऊळ, नगरपालिकेचा घड्याळाचा मनोरा. कौलं पुठ्ठ्याची, पण एकेक वेगळं कापून चिकटवलेलं. दारं-खिडक्या त्या त्या घरी जाऊन मोजून आणलेल्या.

प्रदर्शनाला सगळं गाव आलं आणि ते गाव कुणी बघितलं नाही. लोक सात किलोचा कोबी बघायला रांगेत उभे राहिले. सर दहा दिवस मांडवाच्या कडेला स्टूल टाकून बसले होते. एक गृहस्थ आले, त्यांनी निळ्या तळ्याच्या काठावर भज्यांची बशी ठेवली, भजी खाल्ली, बशी उचलली आणि गेले. सर म्हणायचे, निदान ते थांबले तरी.

प्रदर्शन संपलं. सव्वीस जानेवारीच्या कवायतीला मैदान मोकळं हवं होतं. नगरपालिकेतून चिठ्ठी आली, प्रतिकृती हलवा. पण हलवायची कुठं? सरांची खोली दहा बाय बाराची. म्हणजे सगळं कचऱ्याच्या गाडीत जाणार होतं.

त्याच सुमाराला श्री टॉकीजला तो जपानी सिनेमा लागला होता. समुद्रातून डोंगराएवढा प्राणी निघतो आणि शहर तुडवतो, एवढीच गोष्ट. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि ती वाचेपर्यंत पुसली जायची. कुणाचं काही अडलं नाही. आठवड्यासाठी आलेला सिनेमा पाच आठवडे चालला. आत माणूस आहे हे सगळ्यांना कळत होतं. मला तर पहिल्या पाच मिनिटांत पाठीवरची शिवण दिसली. शिंप्याची मुलगी मी, दुसरं काय दिसणार? तरी तो प्राणी पुलावर पाय ठेवायचा तेव्हा मी खुर्चीचा दांडा घट्ट धरायची. शेवटी त्याला मारतात आणि तो पाण्यात बुडतो, तेव्हा बायकांच्या बाजूला सगळ्यांचे पदर डोळ्यांना लागले होते. माझ्या मागची बाई म्हणाली, "एवढा मोठा झाला, यात त्याची काय चूक बाई."

सरांनी तो सिनेमा अकरा वेळा बघितला. एका दुपारी ते सदऱ्याचं बटण लावून घ्यायला आमच्या दुकानात आले. बटण लावून झालं तरी उठेनात.

"दामोदरपंत," ते माझ्या वडिलांना म्हणाले, "त्यात एक घर पडतं. भिंत पडते आणि आतली खोली दिसते. जेमतेम अर्धा सेकंद. त्या खोलीत कॅलेंडर आहे."

"बरं मग?" दादा म्हणाले.

"पाडायच्या घरात कुणीतरी कॅलेंडर लावलं. अर्ध्या सेकंदासाठी." सरांनी ते बटण चाचपलं. "माझ्या घरांत आत काहीच नाही."

पुढचं यासीनभाईंनी जमवलं. यासीनभाई तांबोळींचा स्टेशनरीच्या दुकानावर फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या मेहुण्यानं बहारीनहून त्यांना एक छोटा सिनेमाचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर आणून दिला होता. त्याचं एक कोरं रीळ शिल्लक होतं, तीन मिनिटं वीस सेकंदांचं. ते सरांना म्हणाले, "मास्तर, कचऱ्यात जाणारच हाय, तर शान से जाऊ द्या."

सर दोन दिवस दुकानाकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "चालेल. पण नीट पाडायचं."

राक्षस मी शिवला. नऊ दिवस लागले. वर रेक्झिन, आत गादीचा फोम, पाठीवरचे काटे ट्रकच्या ट्यूबमधून कापलेले. डोळे सायकलच्या मागच्या लाल दिव्यांचे. आतल्या माणसानं बघायचं ते गळ्याला लावलेल्या जाळीतून. शेपटी सात फुटांची, पिंजलेल्या कापसाची, आणि टोकाला वजन हवं म्हणून थोडा भुसा. माप पैलवानाचं घेतलं होतं. उंची पाच फूट नऊ इंच.

संध्याकाळी मी सरांना मदत करायला मांडवात जायची. घरं पडायची तर ती पडण्याजोगी करायला हवी होती. सरांनी भिंती आतून कापून अधू केल्या, कौलांखाली खडूची भुकटी भरली, म्हणजे धूळ उडेल. आणि घराघरांत सामान ठेवलं. चूल, पाळणा, देव्हारा, नखाएवढं कॅलेंडर. कॅलेंडरं मी रंगवली. सर म्हणाले, महिना जानेवारीच काढ.

गावात ही बातमी फुटली आणि जे दहा दिवसांत झालं नव्हतं ते झालं. लोक गाव बघायला आले. आपलं घर शोधायचे, सापडलं की गुडघ्यावर बसायचे. "अहो, हा आमचा नळ. हा गळका पाइपसुद्धा काढलाय." पहिल्या दिवशी दोघे-तिघे विनंती करून गेले की आमचं घर पाडू नका, अपशकुन होतो. दुसऱ्या दिवशी कळलं की नगराध्यक्षांचं घर पडणार आहे. तिसऱ्या दिवसापासून लोक आपलं घर यादीत आहे ना हे विचारायला यायला लागले. ज्यांची घरं राक्षसाच्या वाटेवर नव्हती त्यांनी सरांशी बोलणं टाकलं. पोस्टमास्तर तर म्हणाले, "सरकारी इमारत आहे, निदान एक कोपरा तरी."

"तो तळ्यातून निघून मेन रोडनं मनोऱ्याकडं जाईल," सर प्रत्येकाला सांगायचे. "तो वाकडी वाट करणार नाही."

मेन रोडवर बोंगाळ्यांचं घर होतं. खाली कापडाचं दुकान, वर दोन मजले, गच्चीवर एक खोली. बोंगाळेबाई स्वतः आल्या. मी कडेला बसून खडू कुटत होते. त्यांनी मला बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. त्याला कारण होतं. दिवाळीनंतर त्यांच्या अरविंदसाठी मला दाखवलं होतं. दाखवायच्या आधी आत्यानं मला बजावलं होतं, खांदे पाडून बस. मी पंधरा वर्षांची असल्यापासून खांदे पाडूनच बसत होते, उभी राहत होते आणि चालत होते. तरी त्यांनी निरोप पाठवला तो असा : मुलगी चांगली आहे, पण आमच्या घराच्या चौकटी जुन्या, बुटक्या, रोज डोकं आपटेल बिचारीचं.

"मास्तर, गच्चीवरची खोली दाखवलीत ना?" बोंगाळेबाईंनी विचारलं. "ती पण पडली पाहिजे. नव्यानं बांधलीय."

त्या गेल्यावर मी सरांची पट्टी घेतली आणि बोंगाळ्यांच्या घराचं दार मोजलं. सव्वातीन इंच. म्हणजे साडेसहा फूट.

"माप चुकलंय का?" सरांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे."

त्या रात्री मी ठरवलं की पैलवानाला गुपचूप सांगायचं, त्या गच्चीवर उजवा पाय जरा जोरात टाक.

आता पैलवानच पायरीवर बसला होता. सर त्या रिकाम्या कातड्याकडं बघत होते. यासीनभाई म्हणाले, "पाच फूट नऊ इंच माणूस दोन दिवसांत कुठून आणायचा?" सगळ्यांच्या माना हळूहळू माझ्याकडं वळल्या. दादांचीसुद्धा, आणि तेच आधी बोलले.

"नाही," दादा म्हणाले. "आधीच पाच फूट नऊ. त्यात राक्षस. एक स्थळ येणार नाही."

"दामूअण्णा, आत कोण हाय ते कुणाला कळतंय?" यासीनभाई म्हणाले. "नाव पैलवानाचंच राहू द्या. पैलवान, तू रविवारी घरी बसायचं. दार लावून."

"नाव माझं आणि काम हिचं?" पैलवान म्हणाला. जरा विचार केला त्यानं. "मला चालंल."

दादा माझ्याकडं बघत होते. मी म्हणायला हवं होतं, नको. मी म्हटलं, "शिवण कुठं ताणते ते आत गेल्याशिवाय कळणार नाही." दादांनी चाळीस वर्षं कपडे शिवले होते. त्यांनी ते कातडं उचलून माझ्यापुढं धरलं.

आत अंधार होता, हे खरं. रेक्झिनचा आणि फोमचा वास होता, आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज. जाळीतून एक वीतभर उजेड. मला त्याची भीती वाटली नाही. उलट, बऱ्याच दिवसांनी कुणी बघत नाही असं वाटलं.

"चाल," बाहेरून सर म्हणाले.

मी दुकानाच्या मागच्या अंगणात चार पावलं चालले.

"थांब. तू वाकून का चालतेस?"

"सवय आहे, सर."

"तुला सवय असेल, पण त्याला लाज वाटते असं दिसतं. तो एकशे अडतीस फूट उंच आहे. तो कुणाला बघून वाकेल?"

मी सरळ झाले. पाठीत कुठंतरी कळ आली, जुनं काहीतरी सुटल्यासारखी.

"हं. आता हळू. यासीनभाईंच्या कॅमेऱ्यात हळू दाखवायचं बटण आहे, पण ते दाबलं की रीळ लवकर संपतं. म्हणून तूच हळू चाल. पाय टाकलास की जमिनीला कळू दे."

शुक्रवारी संध्याकाळी आणि शनिवारी दिवसभर मी अंगणात तेवढंच केलं. सर खडूनं रस्ता आखायचे, मी चालायची. तळ्यातून निघायचं, नगराध्यक्षांचं घर डाव्या पायानं, मग बोंगाळे, मग पेठेची ओळ, शेवटी मनोरा. बोंगाळ्यांसाठी आता कुणाला सांगायची गरज उरली नव्हती. मी शनिवारी तो उजवा पाय शंभरदा तरी टाकला असेन. दादा शिवणी तपासत होते. मध्येच म्हणाले, "एवढा जोर लावू नको, उसवेल."

रविवारी मैदानावर अख्खं खैरापूर जमलं. मला पहाटेच शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत आणून ठेवलं होतं. नऊला चेन लागली, डोकं चढलं. डोक्याला मानेशी आकडे होते, ते आतूनही काढता यायचे. मी बाहेर आले तेव्हा लोक ओरडले, "नागू पैलवान की जय." मांडवाचं छत काढलं होतं. कोवळं ऊन त्या गावावर आडवं पडलं होतं आणि प्रत्येक घराला सावली होती. यासीनभाई मेन रोडच्या टोकाला पालथे पडून कॅमेरा डोळ्याला लावून होते. सर मनोऱ्याजवळ उभे होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघायला नको होतं. आठ महिने त्यांनी ते कौल कौल चिकटवलं होतं.

सरांनी हात खाली केला.

मी तळ्यातून निघाले. काच पायाखाली तडकली. नगराध्यक्षांच्या घरावर डावा पाय ठेवला आणि घर असं बसलं की काय सांगू. भिंत फाटली, खडूची धूळ वर आली, आतला देव्हारा उन्हात चमकला आणि दिसेनासा झाला. लोकांच्या तोंडून एकच आवाज आला. भीतीचा नव्हता तो, आनंदाचाही नव्हता. टॉकीजमध्ये यायचा तसा होता. नगराध्यक्ष म्हणाले, "वा," आणि मग सावरून खोकले.

त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. विजेच्या तारा म्हणून लावलेला दोरा पायात आला, तो तुटला. एक बैलगाडी मी उचलली आणि भिरकावली, हे आखणीत नव्हतं. मी सरळ उभी होते. माझ्या गुडघ्यापर्यंत गाव होतं आणि मी त्यात हळूहळू, कुणाची घाई नसल्यासारखी चालत होते. पेठेची ओळ आली, मी ती दोन्ही हातांनी आडवी केली. मनोरा समोर दिसायला लागला.

मग आवाज ऐकू आला. "आरं नागू? तू हितं?"

जाळीतून मला नीट दिसत नव्हतं, पण गर्दी एका बाजूला वळलेली कळली. तिथं नागू पैलवान उभा होता, धुतलेला सदरा घालून, हातात शेंगांचा पुडा.

"तू आत न्हाईस?" कुणीतरी विचारलं.

"हाय की," पैलवान म्हणाला. मग त्याच्या ध्यानात आलं. "म्हंजे, सगळं गाव म्हणतंय मी लई भारी काम करणार हाय. म्हणून जरा बघायला आलो."

"मग आत कोण हाय?"

ते चारी बाजूंनी सुरू झालं. आत कोण, आत कोण. यासीनभाई जमिनीवरून ओरडले, "थांबू नको, वीस सेकंद ऱ्हायलेत." मी मनोऱ्याला मिठी मारली आणि तो मुळापासून उपटला. घड्याळ सरांच्या पायाशी जाऊन पडलं. सरांनी ते उचललं नाही, रीळ चालू होतं ना. लोक दोरी ओलांडून पुढं येत होते. कुणीतरी चेन ओढणार, हे मला कळत होतं. आणि दादा कडेला उभे होते, त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मी गळ्याखाली हात घातला, आकडे काढले आणि डोकं उतरवलं.

मला ऊन लागलं, वारा लागला. केस कपाळाला चिकटले होते. वाकायचं माझ्या लक्षातच आलं नाही. समोर पालथे पडलेले यासीनभाई एक डोळा मिटून माझ्याकडं बघत होते, आणि कॅमेरा घरघरत होता. मग तो खट्‌कन थांबला.

"ही तर माळवद्यांची रतन," एक बाई म्हणाली.

"अहो, उभे काय राहिलात? पाणी द्या तिला," दुसरी म्हणाली.

एवढंच झालं. दोन दिवस दादा ज्या क्षणाला भीत होते तो असा गेला. तीन बायका तीन तांबे घेऊन आल्या. दादा माझ्या मागं गेले, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चेन कुठं अडली नाही ना?"

पाणी पिऊन झाल्यावर मी मागं वळून बघितलं, तेव्हा मला आठवलं. बोंगाळ्यांचं घर. मी त्यावर पाय दिलाच नव्हता. शंभरदा घोटलेला तो उजवा पाय. चालण्याच्या नादात मी त्या घरावरून पुढं गेले होते, आणि ते घर मला दिसलंही नव्हतं. पण घर उभं नव्हतं. तीन मजले, गच्चीवरच्या खोलीसकट, आडवे होऊन रस्त्यापलीकडं गेले होते. मी पुढं जाताना मागून शेपटीनं ते काम केलं होतं.

बोंगाळेबाई तिसऱ्या दिवशी दुकानात आल्या. बसल्या नाहीत.

"दामोदरपंत, एक विचारायचं होतं. नगराध्यक्षांचं घर पायानं पाडलं. पेठेतल्यांची घरं हातानं पाडली. आणि आमचं शेपटीनं?"

दादा गडबडले. "मुद्दाम नव्हतं हो, ताई."

"तेच तर," त्या म्हणाल्या. "मुद्दाम पाडायला काय झालं होतं? लोक विचारतात."

मी मशीनखाली पडलेली सुई शोधायला वाकले. बराच वेळ सुई सापडली नाही.

रीळ मुंबईहून धुऊन यायला मार्च उजाडला. शाळेच्या हॉलमध्ये खिडक्यांना घोंगड्या लावून रविवारी दुपारी सगळे बसले. भिंतीवर पांढरी चादर. यासीनभाईंनी प्रोजेक्टर सुरू केला.

तीन मिनिटं वीस सेकंद. संपलं की लोक म्हणायचे, आणखी एकदा. जो तो आपलं आपलं बघत होता. नगराध्यक्ष आपलं घर, पोस्टमास्तर पोस्टाचा तो एक कोपरा, जो धक्क्यानं का होईना पण पडला होता. नागू पैलवान सगळ्यांना सांगत होता की माप त्याचंच आहे. दादा पुटपुटत होते, "काखेत बघा, काखेत. एक सुरकुती नाही." मी त्या प्राण्याची चाल बघत होते. मी कशी चालते ते मला तोवर माहीत नव्हतं. सर मात्र मान पुढं काढून घरं बघत होते. बोंगाळ्यांचं घर आडवं होताना भिंत उघडली आणि आत कॅलेंडर दिसलं. जेमतेम अर्धा सेकंद. सर म्हणाले, "हं."

चौथ्या वेळी यासीनभाईंच्या हातून चूक झाली. रीळ मागं गुंडाळायचं होतं, ते दिवा विझवायला विसरले.

चादरीवर माझा चेहरा आला. मी हसत होते, हे आधी बघूनही मला तेव्हाच कळलं. मग मी डोकं उचललं आणि घातलं. मनोरा जमिनीवरून माझ्या मिठीत आला, आणि मी तो जागेवर नेऊन ठेवला. पेठेतली घरं माझ्या हातांखालून एकेक करून उठून उभी राहिली. धूळ घरांत शिरली. लोक आधी हसत होते, मग हसणं कमी होत गेलं. मी मागं मागं जात होते, आणि जिथून पाय उचलला तिथं घर उभं राहत होतं. शेपटी उलटी फिरली. बोंगाळ्यांचे तीन मजले रस्त्यापलीकडून आले आणि भिंतीला भिंत लागली. नगराध्यक्षांच्या देव्हाऱ्यावर छप्पर बसलं. शेवटी मी तळ्यात उतरले आणि काच सांधली गेली. क्षणभर चादरीवर नुसतं खैरापूर होतं. आडवं ऊन, प्रत्येक घराला सावली, सगळं जिथल्या तिथं. मग पांढरं झालं.

घोंगड्या काढल्या तरी लोक उठेनात. बोंगाळेबाईंनी पदरानं नाक पुसलं. बाहेर पडताना त्या दादांजवळ थांबल्या. "दामोदरपंत, मुलगी उभी राहिली की चांगली दिसते हो. आमच्या अरविंदचं अजून कुठं ठरलेलं नाही."

दादांनी हे ऐकायची किती दिवस वाट बघितली होती ते मला ठाऊक होतं. ते तिथंच माझ्याकडं वळले. "काय गं रतन?"

"नको, दादा."

दादांनी माझ्याकडं जरा बघितलं. मग ते बोंगाळेबाईंना म्हणाले, "नको म्हणते." नकाराचं कारण त्यांनी विचारलं नाही आणि मी दिलं नाही.

हॉल रिकामा झाला. यासीनभाई तारा गुंडाळत होते. सर अजून खुर्चीवर बसून त्या कोऱ्या चादरीकडं बघत होते. मी शेजारी जाऊन बसले. आता ते रडतील असं मला वाटलं.

"तळ्याच्या पायऱ्या चुकल्या," सर म्हणाले. "तेरा आहेत. मी चौदा केल्या."

"कुणाच्या लक्षात नाही येणार, सर."

"माझ्या आलं ना." ते उठले, चादरीची एक बाजू सोडवली, दुसरी मी सोडवली. आम्ही ती घडी घालत जवळ आलो, तेव्हा ते पहिल्यांदाच माझ्याकडं मान वर करून बघत होते.

"पुढच्या वर्षी सोलापूर," सर म्हणाले.

"अख्खं?"

"स्टेशनपासून सुरू करू."